सॅन फ्रान्सिस्को किती तासांवर आहे?

मुंबईहून पुणं किती लांब, असं विचारलं तर किलोमीटर सांगणारा माणूस क्वचितच भेटतो. ‘तीन तास धरा,’ असं उत्तर येतं, आणि त्याच दमात ‘घाटात अडकलात तर चार-साडेचार’ अशी पुस्तीही जोडली जाते. अंतर सांगतानाच आपण वाटेतली अडचण सांगून टाकतो. विमानाच्या बाबतीत मात्र तसं होत नाही. आकाश मोकळं, तिथे ना घाट ना टोलनाका. दोन विमानतळांमधलं अंतर ठरलेलं, विमानाचा वेगही ठरलेला. एकाला दुसऱ्याने भागलं की झाला हिशेब, असं आपण धरून चालतो.

माझीही बरीच वर्षं अशीच समजूत होती. मुलगी कॅलिफोर्नियात राहायला गेली, आमच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा ती डळमळली. तिकीट काढताना दिसायचं की जायला लागणारा वेळ आणि यायला लागणारा वेळ यांत तास-दीड तासाचा फरक आहे. जानेवारीतल्या आणि जुलैतल्या त्याच फेरीच्या वेळाही जुळत नव्हत्या. विमानतळ कुठे हलले नव्हते, मग वेळ का हलते? या प्रश्नाने मला पृथ्वीच्या आकारापासून जपानमधल्या एका वेधशाळेपर्यंत नेऊन आणलं.

सुरुवात पृथ्वीगोलापासून करू. आमच्या घरात ३० सेंटिमीटर व्यासाचा एक जुना पृथ्वीगोल आहे. शिवणाच्या डब्यातला एक दोरा घेतला, त्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवलं आणि दोरा ताणला. आधी तो भारत, चीन, जपान आणि प्रशांत महासागर असा आडवा धरला होता. पण जसजसा ताण दिला, तसतसा तो गोलावरून वर सरकत गेला आणि एका जागी येऊन घट्ट बसला. तिथून पुढे तो कमी होईना. त्या जागी तो कुठून जातो हे पाहिलं, तर पहिला धक्का बसला. दोरा मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो. राजस्थान, हिमाचल, मग लेहच्या अगदी जवळून काराकोरमवर, पुढे चीनचा शिंच्यांग प्रांत, सायबेरिया, तिथून थेट आर्क्टिक महासागर. मग अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा, आणि वरून खाली उतरत कॅलिफोर्निया. प्रशांत महासागर त्याच्या वाटेत म्हणावा असा येतच नाही.

दोरा सरळ करून पट्टीवर मोजला. ३२ सेंटिमीटरला किंचित कमी भरला. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, तेव्हा अंतर साधारण १३,५०० किलोमीटर. संगणकावर गणित केलं तरी हाच आकडा येतो. मग तोच दोरा भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ जिथून जाईल, त्या वाटेने गोलावर बोटांनी दाबत दाबत नेला. ३८ सेंटिमीटर, म्हणजे १६,१०० किलोमीटरच्या वर. नकाशावर ‘सरळ’ दिसणारी वाट प्रत्यक्षात अडीच हजार किलोमीटरपेक्षा जास्त लांब निघाली. मुंबई ते दिल्ली विमानाने दोनदा होईल, एवढा हा फरक आहे. घरात मुलं असतील आणि पृथ्वीगोल असेल, तर हा दोरा एकदा जरूर ताणून पाहा. गोलावरची सर्वांत जवळची वाट ज्या वर्तुळावरून जाते, त्या पाठ्यपुस्तकातल्या ‘बृहद्वृत्त’ या शब्दाचा अर्थ बोटांना कळतो.

भिंतीवरचा नकाशा इतका चुकवतो, त्याचं कारण तो ज्या पद्धतीने काढला जातो त्यात आहे. मर्केटर या फ्लेमिश नकाशाकाराने १५६९ साली ही पद्धत आणली ती खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून गलबत हाकलं तर त्याची वाट नकाशावर सरळ रेघ दिसावी, ही त्याची गरज होती, आणि ती त्याने उत्तम भागवली. पण त्यासाठी त्याला ध्रुवांकडचा भाग ताणावा लागला. म्हणून त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. जिथे नकाशा ताणला गेलाय तिथली वाट लांब दिसते, आणि नेमक्या त्याच भागातून जवळची वाट जाते. विमानात समोरच्या पडद्यावर आपली वाट कमानीसारखी वाकडी दिसते आणि शेजारचा प्रवासी विचारतो, ‘हे एवढा वळसा का घालतायत?’ त्या वेळी वळसा विमानाने घातलेला नसतो, नकाशाने घातलेला असतो.

अंतराच्या गणितात आणखी एक बारकावा आहे. पृथ्वी नेमकी गोल नाही, ध्रुवांपाशी थोडी चेपलेली आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांपाशी ६,३५७. पण यामुळे लांबच्या प्रवासात पडणारा फरक काही मोजक्या किलोमीटरांचा, म्हणजे विमानाला फार तर दोन-तीन मिनिटांचा. वैमानिकांचा हिशेब नॉटिकल मैलात चालतो. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. पृथ्वीच्या अंगावरूनच हे माप घेतलेलं असल्याने अंश आणि अंतर एकमेकांत सहज बदलता येतात.

तर अंतर १३,५०० किलोमीटर. आता वेग. बोइंग ७७७ सारखं विमान साधारण ३५,००० फुटांवर, म्हणजे पावणेअकरा किलोमीटर उंचीवर, आवाजाच्या वेगाच्या ८४ टक्के वेगाने जातं. तिथलं तापमान उणे ५४ अंशांच्या आसपास असल्याने आवाजाचा वेगही कमी झालेला असतो. हिशेब करता विमानाचा वेग ताशी ८९० ते ९०० किलोमीटर येतो. भागाकार केला की पंधरा तास. सोपं झालं, असं वाटतं. पण हा ताशी ९०० चा वेग हवेतला आहे, जमिनीवरचा नाही. विमान हवेत पोहतं, आणि हवा स्वतःच कुठेतरी चाललेली असते.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. खाडीतून वर जाणारे मचवे पूर्वी भरतीची वाट बघत थांबायचे. भरतीच्या पाण्यावर निघालं की तेवढ्याच वल्ह्यांत गाव येतं. ओहोटीला निघालं तर माणसं घामाघूम होतात आणि काठ हलत नाही. गाव तेवढंच लांब असतं. विमानासाठी ही भरती आकाशात असते आणि ती जवळजवळ नेहमी एकाच दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. तिला जेट प्रवाह म्हणतात. काही हजार किलोमीटर लांब, काही शे किलोमीटर रुंद आणि जाडीला अवघे काही किलोमीटर असलेली ही वाऱ्याची नदी उत्तर गोलार्धावरून नागमोडी वाहते. हिवाळ्यात तिचा जोर सर्वांत जास्त, आणि त्यातही जपानच्या आसपास. तिथे ताशी दोनशे किलोमीटरचा वारा नवलाईचा नाही. कधी कधी तो साडेतीनशेच्याही पुढे जातो.

हा वारा पहिल्यांदा पद्धतशीरपणे मोजणाऱ्या माणसाची गोष्ट मला फार जवळची वाटते. वासाबुरो ओइशी हे जपानी हवामानशास्त्रज्ञ टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेचे प्रमुख होते. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी बाराशेहून जास्त वेळा हवेत फुगे सोडले. फुगा वर जातो, वारा त्याला ढकलतो, आणि खाली उभा असलेला माणूस थिओडोलाइट या दुर्बिणीच्या यंत्रातून त्याचा कोन मिनिटामिनिटाला टिपून घेतो. कागदावर रेषा मारल्या की कोणत्या उंचीवर वारा किती आणि कुठल्या दिशेला, हे निघतं. हिवाळ्याच्या निरभ्र दिवशी थंडीत काकडत, डोळा यंत्राला लावून, ठिपक्याएवढ्या झालेल्या फुग्याचा पाठलाग करायचा आणि तो दिसेनासा झाला की दिवस संपला. या नोंदींतून ओइशींना दिसलं की नऊ-दहा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात अफाट वेगाचा पश्चिमी वारा वाहतो.

त्यांनी १९२६ साली आपला अहवाल छापला. जगाला कळावा म्हणून तो एस्परांतो भाषेत लिहिला. सगळ्या देशांची एक सामाईक भाषा असावी म्हणून ती तयार केली गेली होती आणि ओइशींचा तिच्यावर मनापासून विश्वास होता. पण जगातले हवामानशास्त्रज्ञ एस्परांतो वाचत नव्हते. अहवाल कपाटात राहिला. १९४४ च्या अखेरीला अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून उडू लागली, तेव्हा वैमानिकांना असे वारे भेटले की विमान समोरच्या वाऱ्यात जवळजवळ जागीच थबकल्यासारखं व्हायचं, नाहीतर पाठच्या वाऱ्याने लक्ष्याच्या पुढे भिरकावलं जायचं. त्याच हिवाळ्यात जपानने याच वाऱ्यावर सोडून नऊ हजारांवर बॉम्ब-फुगे प्रशांत महासागरापार पाठवले. त्यातल्या एकाने ५ मे १९४५ रोजी ओरेगॉनमधल्या ब्लाय गावाजवळ सहा जणांचा बळी घेतला. त्यात पाच मुलं होती. ज्ञान माणसांपर्यंत पोचायला उशीर झाला आणि पोचलं ते अशा वाटेने, याचं वाईट वाटतं.

नागरी विमानांनी हा वारा कामाला लावला तो १९५२ च्या नोव्हेंबरात. पॅन अमेरिकन कंपनीचं एक विमान टोकियोहून होनोलुलूला मुद्दाम जेट प्रवाहाच्या उंचीवरून गेलं आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आला. तेव्हापासून विमानाची वाट जमिनीकडे बघून आखत नाहीत, वाऱ्याकडे बघून आखतात.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली. या दोन शहरांमधलं बृहद्वृत्तावरचं अंतर साधारण १२,४०० किलोमीटर. सुरुवातीला विमान युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, ती वाट पडायची सुमारे १३,९०० किलोमीटर. २०१६ च्या ऑक्टोबरात कंपनीने वाट पालटली. विमान पूर्वेकडे वळवून प्रशांत महासागरावरून नेलं. ही वाट १५,३०० किलोमीटर भरली, म्हणजे आधीपेक्षा १,४०० किलोमीटर जास्त. आणि तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास आधी.

भागाकार करून बघा. १५,३०० ला साडेचौदाने भागलं की ताशी १,०५५ किलोमीटर येतात. विमानाचा स्वतःचा वेग नऊशेच्या आत. वरचे दीडशे किलोमीटर तासाला वाऱ्याने दिले. अटलांटिकच्या वाटेवर हाच वारा समोरून छातीवर यायचा. त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे परतीच्या फेरीत विमान प्रशांत महासागरावरून मागे फिरायचं नाही. ते अटलांटिक आणि युरोपवरून, पुन्हा पूर्वेकडेच, दिल्लीला यायचं. जाताना वारा पाठीला आणि येतानाही पाठीला. त्या तिकिटावर नातवंडं बघून आलेले आजी-आजोबा पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून घरी येत होते. किती जणांना ते कुणी सांगितलं असेल?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण शिकलेल्या माणसांतही तो घट्ट आहे. पृथ्वी खाली फिरते, म्हणून एका दिशेला लवकर आणि दुसऱ्या दिशेला उशिरा पोचतो, असं अनेकांना वाटतं. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते हे खरं. पण तिच्यावरची हवाही तिच्याबरोबरच जाते, आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या एसटीत वर उडवलेलं नाणं मागच्या सीटवर पडत नाही, आपल्याच हातात येतं, तसंच हे. मात्र वारा पश्चिमेकडून का येतो, याचं उत्तर पृथ्वीच्या फिरण्यातच आहे. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवाकडे सरकते. ती ज्या जमिनीवरून निघाली तिचा वेग १,६७०. पंचेचाळीस अंश अक्षांशावर पोचते तिथल्या जमिनीचा वेग फक्त १,१८०. हवा आपला जुना वेग बराचसा घेऊन आलेली असते, म्हणून ती जमिनीच्या पुढे पळते. ही पुढे पळणारी हवा म्हणजेच पश्चिमी वारा, आणि थंड व उष्ण हवेच्या सीमेवर तो एकवटला की जेट प्रवाह. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी या प्रवाहात शिरलेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, पण आवाजाची मर्यादा त्याने ओलांडली नव्हती. ती मर्यादा भोवतालच्या हवेच्या संदर्भात मोजतात, आणि त्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं.

आता पुन्हा आपल्या दोऱ्याकडे येऊ. तो लेहवरून काराकोरममध्ये शिरला होता. तिथे वाऱ्याचा प्रश्न नंतरचा, आधी डोंगराचा. विमान अकरा किलोमीटरवर असतं आणि के-२ शिखर ८,६११ मीटरच. मग अडचण काय? अडचण बिघाडाच्या वेळची. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर डोक्यावरून मुखवटे खाली येतात, पण बहुतेक विमानांत त्यातला प्राणवायू पंधरा मिनिटांच्या आसपासच पुरतो. तेवढ्यात विमानाला दहा हजार फुटांवर, म्हणजे तीन किलोमीटरवर, खाली यावं लागतं. लेह शहरच साडेतीन किलोमीटर उंचीवर आहे. खाली यायला जागाच नसते. तिबेटच्या पठारावरही हेच. म्हणून पंधरा-सोळा तासांच्या प्रवासातही नियोजक डोंगराला वळसा घालतात, आणि दोऱ्याने काढलेली जवळची वाट पहिल्या दोन तासांतच सोडावी लागते.

मग सीमा. आकाशाला रेघा नसतात असं आपण म्हणतो, पण विमानाच्या नकाशात त्या ठळक असतात. पाकिस्तानने २०१९ च्या फेब्रुवारी ते जुलैपर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं होतं. २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना आधी खाली अरबी समुद्राकडे यावं लागलं, आणि अमेरिकेच्या काही फेऱ्यांना वाटेत व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी थांबावं लागलं. जे प्रवासी थेट तिकीट काढून बसले होते, त्यांचा प्रवास थेट राहिला नाही. २०२२ पासून रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद आहे. हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही विमानतळ आपापल्या जागी आहेत, विमानंही तीच आहेत. भारतीय विमानं रशियावरून जाऊ शकत होती, त्यामुळे जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला तेव्हा ते रशियाच्या अतिपूर्वेला मगादान इथे सुखरूप उतरलं. २१६ प्रवासी होते. ओखोत्स्क समुद्राकाठचं ते गाव त्यांच्यातल्या कुणी नकाशातही पाहिलं नसेल. दोन इंजिनांच्या विमानाची वाट आखताना, एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळात पोचता येईल असा विमानतळ सतत हाताशी ठेवावा लागतो. मगादानसारखी नावं त्यासाठीच कागदावर लिहिलेली असतात.

ध्रुवाजवळच्या वाटेला आणखी पथ्यं. विषुववृत्तावर स्थिर असलेले संपर्क-उपग्रह तिथून क्षितिजाच्या खाली जातात, तेव्हा जुन्या लघुलहरी रेडिओचा आधार घ्यावा लागतो. बाहेर इतकी थंडी असते की पंखातलं इंधन गोठण्याकडे लक्ष ठेवावं लागतं. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली केवळ महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं ते उत्तर ध्रुवाच्या बाजूने. या दोन शहरांतलं सरळ अंतर १३,९९३ किलोमीटर, प्रत्यक्ष कापलेलं १६,००० किलोमीटरच्या वर, वेळ सुमारे सतरा तास.

एवढ्या लांब जायचं तर इंधन बरंच लागतं, आणि इंधनाला वजन असतं. ते वजन वाहून न्यायलाही इंधन लागतं. ढोबळ हिशेब असा की जादा घेतलेल्या इंधनातलं दर तासाला तीन-चार टक्के त्याला वाहून नेण्यातच जळतं. दहा टन जादा घेतलं, तर पंधरा तासांनी त्यातले निदान चार टन मुक्कामापर्यंत पोचलेलेच नसतात. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे १५,३०० किलोमीटरहून जास्त अंतर थेट कापायला २०१८ मध्ये एअरबसचं जे खास विमान आणलं, त्यात १,६५,००० लिटर इंधन मावतं आणि आसनं फक्त १६१. साधा इकॉनॉमी वर्ग त्यात नाही. अंतर वाढलं की माणसं कमी करावी लागतात. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाची मुंबई-लंडन सेवा सुरू झाली ती कैरो आणि जिनिव्हाला थांबत; १९६० मध्ये न्यूयॉर्कला जाणारं विमान लंडनला थांबायचं; मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारं एअर इंडियाचं विमान यायला २००७ साल उजाडलं. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा तर डिसेंबर २०२२ मधली.

तिकिटावर छापलेली वेळ ही नुसत्या उडण्याची वेळ नसते. फाटकापासून विमान मागे ढकललं गेल्यापासून मुक्कामी चाकांना अडसर लागेपर्यंतचा तो काळ. त्यात धावपट्टीवरची रांग आहे, उतरण्यापूर्वी घातलेल्या घिरट्या आहेत, आणि त्या ऋतूतला सरासरी वारा आहे. म्हणूनच हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगळं. माझा जानेवारी-जुलैचा प्रश्न इथे सुटला.

घड्याळाचा भाग राहिला. भारत आणि कॅलिफोर्निया यांच्या वेळेत हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेबारा. समजा, जानेवारीतल्या शुक्रवारी दुपारी अडीचला मुंबईहून निघालात आणि सोळा तास उडालात. मुंबईत शनिवारची सकाळ, साडेसहा वाजलेले. तिथे मात्र त्याच शुक्रवारची संध्याकाळ, पाच वाजलेले. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना शुक्रवार दुसऱ्यांदा हाती आलेला असतो. परतताना त्याची भरपाई होते. शुक्रवारी रात्री नऊला निघून साडेसतरा तासांनी मुंबईत उतरलात, तर रविवारची पहाट, चार वाजलेले. शनिवारचा दिवस खिडकीबाहेर कुठेतरी होऊन गेलेला असतो. ज्यांचा शनिवारचा उपास असतो त्यांना हा प्रश्न खरोखर पडतो. माझ्या सासूबाईंनी तो विमानात दाखवलेल्या वेळेनुसार सोडवला आणि जेवणाचं ताट परत पाठवून फळं घेतली.

गेल्या हिवाळ्यात त्या एकट्या तिकडे गेल्या. आम्ही इथे रात्री फोनवर विमानाचा ठिपका बघत बसलो होतो, तिकडे मुलगी बघत होती. निघताना उतरायची वेळ ४:५२ दिसत होती. ठिपका जपानच्या उत्तरेला आला तेव्हा शेजारी वेग उमटला, ताशी १,११० किलोमीटर, आणि वेळ ४:३१ झाली. मुलीचा निरोप आला, ‘आजी लवकर येतेय, मी आत्ताच निघते.’